हबीब मापाडी आणि तिरपा काटा

भोंगा वाजायला लागला तेव्हा हबीबभाई दोरीच्या पलीकडे होते आणि त्यांच्या चपला माझ्या हातात होत्या.

म्युझियमच्या पहारेकऱ्याचं स्टूल त्यांनी तिथल्या जुन्या मोठ्या काट्याखाली ओढून नेलं होतं आणि त्यावर ते चढले होते. वय पंच्याहत्तरच्या पुढं, गुडघे कामातून गेलेले, हातात सुतळी आणि सुतळीचं दुसरं टोक दातात. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला. "ओ काका! खाली उतरा! हात लावू नका त्याले!" कॉलेजच्या तीन पोरी मोबाईल वर धरून चित्रण करत होत्या. माझी नात आशू, जिची नोकरी त्याच म्युझियममध्ये होती, भिंतीला टेकून पांढरी पडली होती.

हबीबभाईंनी मागं वळूनही पाहिलं नाही. दातातली सुतळी काढून एवढंच म्हणाले, "गप ऱ्हाय बे जरा. धडा करून राह्यलो."

हा माणूस माझा शेजारी. चाळीस वर्षं आमची भिंत एक आहे. हबीबभाई नांदुऱ्याच्या बाजारात मापाडी होते. मापाडी म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यासाठी जोखून देणारा माणूस. तो ना ह्याचा, ना त्याचा. त्यानं काट्याकडं पाहायचं आणि मोठ्यानं वजन सांगायचं, बस. तीस वर्षं त्यांनी हे केलं. मग बाजारात आकडे दाखवणारी मशीन आली आणि हबीबभाई घरी आले. पण तोंड बंद झालं नाही. मशीन आल्यावर ते माल सोडून माणसं जोखायला लागले.

माझी सून लग्न होऊन दारात उभी राहिली. कपाळाला मुंडावळ्या, पायाशी माप. ओवाळणारी मी. भिंतीवरून आवाज आला, "पन्नासले अर्धा कमी. वयनी, पोरीले खाऊ घालजा." सून आजही त्यांच्यासमोरून जाताना पोट आत ओढते. आशू जन्मली तेव्हा त्यांनी तिला दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले आणि सांगितलं, "अडीचले शंभर ग्राम वर." दवाखान्याच्या कागदावर तेच होतं. टरबूजवाले त्यांना लांबून पाहून गाडी वळवतात. "काटा बोलते, आपण नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. काटा नसला तरी तेच म्हणतात.

माझा नवरा गेला तेव्हा खांदा द्यायला हबीबभाई पुढं होते. परत आल्यावर अंगणात हातपाय धुताना म्हणाले, "भाऊ हलके झाले होते. एकोणसाठ." मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खांदा दिलेल्या माणसानं वजन सांगावं का? नवव्या दिवशी माझ्या मनात आलं की नवरा शेवटचं वर्षभर वाळत चालला होता. घरातल्या आम्हा कुणालाच ते नीट दिसलं नव्हतं. ह्या माणसाला आकड्यासकट माहीत होतं. मग मी बोलायला लागले. पण चहा मात्र आणखी आठ दिवस दिला नाही.

आता काट्याची गोष्ट सांगते, नाहीतर भोंगा का वाजला ते कळायचं नाही.

त्यांचा जुना काटा माणसाच्या उंचीपेक्षा लांब लोखंडी दांडीचा होता. दोन्ही टोकांना साखळ्या, साखळ्यांना पारडी. त्या दांडीची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित हलकी होती. लोहारानंच तशी घडवली, त्याला कोण काय करणार. रिकामा काटाही डावीकडं वर जायचा. म्हणून डाव्या कडीला थोडं वजन बांधून काटा सरळ करायचा. त्या वजनाला पासंग म्हणतात आणि रिकामा काटा सरळ करून घेण्याला धडा करणं. कुणी दगड बांधतो, कुणी खिळा. हबीबभाईंच्या काट्याला थैली होती. खारकेएवढी, लाल कापडाची, आत ज्वारीचे दाणे. ती त्यांच्या बायकोनं, जैतूननं शिवली होती.

दरवर्षी कापसाच्या हंगामाआधी जैतून बाजारात जायची. हबीबभाई चपला काढून काट्यापाशी उभे राहायचे. चपला घालून ते काट्याजवळ कधी गेले नाहीत. जैतून खाली पोत्यावर बसायची. "वर आहे," ते म्हणायचे. ती थैलीची शिवण उसवून दोन दाणे टाकायची आणि पुन्हा शिवायची. "आता खाली गेला." एक दाणा काढायची. असं अर्धा दिवस चालायचं. हमाल हसायचे. मी एकदा तिला म्हटलं, "काऊन वं जैतून, दगड काऊन नाही बांधत तुहा नवरा?" ती म्हणाली, "दगड एकदा बांधला की झालं. मंग मले कोण बलावते बाजारात?"

जुना काटा भंगारात गेला त्या दिवशी हबीबभाईंनी थैली सोडून घेतली. जैतून जाऊन सहा वर्षं झाली. थैली त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात असते.

तर आशू नागपूरला ह्या म्युझियममध्ये लागली. नाव लिहीत नाही. तिथं आजकालच्या कलाकारांच्या वस्तू ठेवतात. शहरात त्याच्या तीन शाखा, पहिली सगळ्यात मोठी. मला वाटायचं शाखा बँकेला असतात. आशूनं फोनवर एक फोटो पाठवला. "आजी, बघ, आपल्या नांदुऱ्याचा जुना काटा. आमच्या तिसऱ्या शाखेत आहे." मी तो फोन भिंतीवरून पलीकडं दिला.

हबीबभाईंनी फोन सरळ धरला. मग तिरपा धरला. मग फोन सरळ ठेवून मान तिरपी केली.

"माहाच आहे," म्हणाले. "दांडीवर चंद्रकोरीवानी जोड दिसते ना, तो मीच लोहाराकडून लावून घेतला होता." मग म्हणाले, "वयनी, हा झुकेल आहे."

"असू द्या. भंगारातून नेला असन कोणी. त्याले काय माहीत पासंग?"

"खाली नांदुरा लिवलं आहे का नाही?"

"लिवलं आहे."

"मंग? नागपूरचे लोक येतीन, पाहतीन. म्हणतीन, नांदुऱ्याचा मापाडी चोर होता." त्यांचा आवाज चढला नाही. "तीस वर्षं, वयनी. एका माणसानं परत जोखून मागितलं नाही. आता मरायच्या वक्ताले माहा काटा खोटा ठरून राह्यला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी कातरून घेतली आणि मला म्हणाले, "नागपूरले चालता का?" मी लगेच हो म्हटलं. मला त्यांच्या काट्याचं एवढं नव्हतं. तीन तीन ठिकाणी ठेवण्यासारखं आजकालचे लोक बनवतात तरी काय, ते मला पाहायचं होतं. मी चौथी शिकलेली, पण पाहायला शाळा लागत नाही. सून म्हणाली, लोक काय म्हणतील, तुम्ही दोघंच गाडीनं? मी म्हटलं, सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांवर बोलायला ज्यांना वेळ आहे, त्यांची तेवढीच करमणूक.

तिकिटावर तीन चौकोन होते. प्रत्येक ठिकाणी एक शिक्का. मला वाटलं हबीबभाई आधी काट्याकडं धावतील. पण ते म्हणाले, "तिकीट तीन जागेचं आहे. रांगेनं पाहू." आणि पहिल्या इमारतीत प्रत्येक वस्तूपुढं इतका वेळ उभे राहिले की मला संशय आला. भाकरी भाजायला उशीर करणारी सासुरवाशीण जशी उगाच परात पुसत बसते, तसं चाललं होतं. माणूस घाबरला होता.

पहिल्या इमारतीत एका खोलीत जुन्या साड्यांचा गोळा होता. गोळा म्हणजे केवढा? आमच्या खोलीत मावला नसता. साडीला साडी बांधून गुंडाळलेला. हबीबभाईंनी त्याला दोन प्रदक्षिणा घातल्या. हात मागं बांधून, कारण सोबत फिरणाऱ्या आशूनं आधीच दम दिला होता.

"एकशे चाळीसले दोन कमी," म्हणाले.

आशू हसली, पण तिनं फाईल काढून पाहिलं. एकशे सदतीस लिहिलेलं होतं. तिनं ते वाचून दाखवल्यावर हबीबभाई म्हणाले, "कागद उन्हाळ्यातला असन. आता पावसाळा आहे. कापड ओल पेते." आशूनं तारीख पाहिली. कागद मे महिन्यातला होता. तिनं फाईल बंद केली आणि तेव्हापासून ती त्यांना 'चाचा' म्हणताना जरा अदबीनं म्हणायला लागली.

मला आवडली ती साबणाची भिंत. अंघोळीचा साबण संपत आला की शेवटी पातळ चिपटी उरते ना, तसल्या शेकडो चिपट्या भिंतीवर रांगेनं लावलेल्या. खाली प्रत्येक घराचं नाव. एक चिपटी मधोमध भोक पडलेली, एक बोटाच्या आकाराची झिजलेली. एकीला केस चिकटलेला, तोही तसाच. मी सगळ्या पाहिल्या. एक चष्मेवाला तरुण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, हे उपभोगाबद्दल आहे." मी म्हटलं, "नाही बापा, हे काटकसरीबद्दल आहे. उडवणाऱ्याच्या घरी चिपटी उरतच नाही, तो आधीच नवा साबण फोडते." तो वहीत लिहायला लागला. मी पुढं गेले.

दुसरी शाखा जुन्या बंगल्यात होती. तिथं प्रत्येक खोलीत एकच वस्तू. एका खोलीत नुसता पाण्याचा आवाज. एका खोलीत काहीच नाही, फक्त स्टुलावर निळ्या कपड्यातला मिशीवाला माणूस. हबीबभाई त्याच्यासमोर उभे राहिले. वरून खाली पाहिलं. बाजूला जाऊन पाहिलं. तो माणूसही गप्प बसून होता, कारण लोकांना पाहू द्यायचं हेच त्याचं काम.

"बासष्ट," हबीबभाई म्हणाले.

"चौसष्ट, काका," तो माणूस म्हणाला.

आम्ही दोघंही दचकलो. तो पहारेकरी होता. खोलीतली वस्तू छताला होती.

"बूट काढून सांग," हबीबभाई म्हणाले. त्यानं विचार केला आणि कबूल केलं की वजन बुटासकट केलं होतं.

तिसरी शाखा म्हणजे बंद पडलेलं जिनिंग. जिथं कापसातून सरकी वेगळी करतात ते. भिंती पांढऱ्या केलेल्या, पण आत शिरल्याबरोबर आम्हा दोघांना तेलाचा आणि जुन्या कापसाचा वास आला. चुन्यानं तो जात नाही. हबीबभाई दारातच थांबले. समोर मधोमध, वरून दिवा सोडलेला, त्यांचा काटा होता. लाकडी चौकट नवी, बाकी सगळं जुनं. डावं पारडं बोटं मोजावीत इतकं वर.

आशू पटकन त्यांच्या आणि काट्याच्या मध्ये उभी राहिली. मला तेव्हा कळलं की तिनं फोटो काढताना पाटी अर्धीच घेतली होती.

"बाजूले हो, बेटा," हबीबभाई म्हणाले.

पाटीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं: खोटं माप. खाली बारीक अक्षरात, बाजारातला काटा, नांदुरा.

हबीबभाईंनी ते एकेक अक्षर बोट फिरवून वाचलं. दोनदा वाचलं. मग वाकून चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि दोरी ओलांडून गेले. स्टूल ओढलं. बंडीत हात घातला. भोंगा वाजला तो तेव्हा.

त्यांनी थैली डाव्या कडीला बांधली आणि हात सोडला. काटा खाली यायला लागला. हळू. भोंगा बोंबलत होता, पहारेकरी शिट्टी विसरून दांडीकडं पाहत होता. दांडी आली, आली आणि बोटभर वर असताना थांबली.

हबीबभाईंनी डोळे चोळले. पारड्याला बोटानं हलकं टेकून पुन्हा सोडलं. पुन्हा बोटभर वर.

कोणीतरी भोंगा बंद केला.

त्यांनी थैली सोडून तळहातावर घेतली. आयुष्यभर ज्या हातानं वजन सांगितलं त्या हातावर ती होती. "कीड लागली," म्हणाले. "दाण्याचा भुगा झाला आत."

"मंग उसवा ना," मी म्हटलं. "दोन दाणे नवे टाका. नागपुरात ज्वारी भेटत नाही का?"

त्यांचा अंगठा थैलीच्या शिवणीवर फिरला. बारीक टाके, एकाला एक लागून. "कोण उसवन, वयनी?" ते म्हणाले. "शेवटची शिवण आहे तिची."

तेवढ्यात म्युझियमच्या मोठ्या मॅडम आल्या. सुती साडी, पांढरे केस कापलेले, राग आतल्या आत. आशू पुढं होऊन काही सांगायला लागली आणि तिला रडू आलं. मॅडमनी तिला हातानं थांबवलं आणि हबीबभाईंना म्हणाल्या, "काका, तो काटा मुद्दाम तिरपा ठेवलाय. कलाकाराला तेच म्हणायचंय, की माप खोटं होतं."

"तर कलाकारानं खोटा काटा आणावा," हबीबभाई स्टुलावरूनच म्हणाले. "बाजारात लय होते. हा खरा आहे."

"हे आम्हाला कसं कळणार?"

हातात एक हलकी झालेली थैली, समोर तिरपा काटा आणि खाली पाटी. ते तसेच उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मला चीड आली. मी चपला पहारेकऱ्याच्या हातात दिल्या, माझ्याही काढल्या आणि दोरी ओलांडली. भोंगा पुन्हा सुरू झाला. म्हटलं, वाज.

माझ्या कमरेच्या बटव्यात सुपारी असते. मी एक खांड काढलं. "हे पाहा."

हबीबभाईंनी ते दोन बोटांत धरलं. "जास्त होते."

मी दातानं तोडलं. "आता?"

"चिमटीभर आणखी."

आणखी तोडलं. तो तुकडा थैलीसोबत सुतळीत अडकवला. त्यांनी हात काढला. दांडी खाली आली आणि थांबली. सरळ. कॉलेजच्या पोरींपैकी एक "बापरे" म्हणाली. पहारेकऱ्यानं, कुणी सांगितलं नसताना, मागं जाऊन एक डोळा मिटून पाहिलं आणि मान हलवली.

"आता काहीबी टाका पारड्यात," हबीबभाई म्हणाले. "काटा बोलते, आपण नाही."

मॅडमनी पाहिलं. त्यांच्या हातात एकसारख्या दोन पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या कुणीतरी, न फोडलेल्या. दोन पारड्यांत दोन ठेवल्या. दांडी हलली, डोलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली. मॅडमनी बाटल्यांची जागा बदलून पाहिली. तेच. मग त्यांचा राग गेलेला दिसला. त्या हळूच म्हणाल्या, "काका, ही थैली इथंच राहू द्याल का? आम्ही नीट जपू. तुमचं नाव, ही शिवणाऱ्या बाईंचं नाव, सगळं पाटीवर लिहू. कलाकाराशी मी बोलते."

म्हणजे असं होतं. थैली तिथं राहिली तर काटा जन्मभर सरळ. नागपूरचा प्रत्येक माणूस पाहणार की नांदुऱ्याचा मापाडी खरा होता. ज्यासाठी हा माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी आला होता, ते सगळं हातात आलं होतं.

हबीबभाईंनी थैलीकडं पाहिलं. मग काट्याकडं. मग म्हणाले, "राहू द्या मॅडम. तिरपाच राहू द्या." आणि सुतळीची गाठ सोडायला लागले. गाठ सुटत नव्हती.

"काऊन तिरपा?" मी ओरडले. "सुपाऱ्या संपल्या का माह्या?"

बटव्यातल्या सगळ्या सुपाऱ्या मी पारड्याखाली फरशीवर ओतल्या. तिथं अर्धा तास आम्ही दोघांनी धडा केला. मी खाली बसले, ते वर. "वर आहे, वयनी." मी खांड देत होते. "खाली गेला." मी दातानं तोडत होते. माझे पुढचे चार दात खरे आहेत, ते त्या दिवशी कामी आले. मॅडम मांडी घालून फरशीवर बसल्या होत्या. शेवटी थैलीशिवाय, नुसत्या तीन सुपारीच्या खांडांवर काटा सरळ उभा राहिला आणि थैली बंडीत गेली.

आशूची नोकरी राहिली. कलाकारानं पाटी बदलली नाही. त्यामुळं आता तिथं 'खोटं माप' लिहिलंय आणि वर काटा एकदम सरळ आहे. आशू म्हणते, लोक पूर्वी दोन मिनिटं थांबायचे, आता दहा मिनिटं थांबतात आणि भांडतात. फक्त सुपारी पावसाळ्यात जड होते, उन्हाळ्यात हलकी. म्हणून मॅडमनी कळवलंय, वर्षातून एकदा येऊन जा, गाडीभाडं आम्ही देतो. हबीबभाई लगेच म्हणाले, "वयनीलेबी आणा लागते. दात तिचे आहेत."

परतीच्या गाडीत, दुपारी, मी त्यांना विचारलं. सहज विचारलं. "हबीबभाई, थैलीचं वजन किती हो?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. बंडीवरून हात फिरवला. ज्या माणसानं माझ्या सुनेचं, नातीचं, मेलेल्या नवऱ्याचंही वजन न विचारता सांगितलं, तो म्हणाला, "नाही माहीत, वयनी."

"आन् जैतूनचं?"

"तिलेबी कधी जोखलं नाही."

मग मी उरलेली सुपारी तोंडात टाकली.

भोंगा दोनदा वाजला त्या दिवशी. पहिल्यांदा हबीब मापाड्यासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी.